धर्म सातासमुद्रापलीकडून आला, चावी कोणाच्या हाती राहिली?

आपल्याच काही तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक भाषा सर्रास वाचायला मिळते. ‘मिशनऱ्यांनी पोटाला अन्न देऊन बाटवलं’, ‘परदेशी पैशावर पाड्यापाड्यांत चर्च उभी राहतायत’, ‘धर्मांतरबंदीचा कडक कायदा हवाच’. ही भाषा मुळात कोणत्या कार्यालयात तयार होते ते चळवळीतल्या माणसाला सांगायला नको. पण ती आपल्या पोरांच्या तोंडी यावी, हे गंभीर आहे. दुसऱ्या टोकाला आपलेच काही मित्र म्हणतात, मिशनरी आले म्हणून आपण माणसात आलो, नाहीतर आपलं काही खरं नव्हतं. पहिलं वाक्य आपल्याला मनूच्या दारात नेऊन उभं करतं. दुसरं वाक्य आपल्या आज्या-पणज्यांचा संघर्ष पुसून टाकतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. सातासमुद्रापलीकडून आलेल्या श्रद्धेने इथल्या माणसाच्या आयुष्यात टिकाऊ बदल घडवला का? घडवला असेल तर तो कशामुळे टिकला, आणि जिथे टिकला नाही तिथे काय कमी पडलं? हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो, कारण आपणही धर्म बदललेला समाज आहोत. त्याचं उत्तर शोधायला नगर जिल्ह्याइतकी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरइतकी, चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

धरण आणि त्याची चावी

जिल्ह्याच्या पश्चिम टोकापासून सुरुवात करू. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला इंग्रज सरकारने प्रवरा नदीवर धरण बांधलं. ते १९२६ साली पूर्ण झालं आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. धरणाच्या भोवती महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे पाडे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या राघोजी भांगरे यांचा हा मुलूख. पाणी अडलं ते या लोकांच्या डोंगरात, बुडाल्या त्यांच्या जमिनी, पण कालव्यांतून ते पाणी गेलं खाली, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या मळ्यांकडे. त्यावर ऊस उभा राहिला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यातून सहकारसम्राट आणि आमदार-खासदार उभे राहिले. धरणाच्या कुशीतल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालत राहिल्या.

धरण टिकलं. शंभर वर्षं होत आली, अजून भक्कम आहे. पण टिकाऊ बांधकाम आणि टिकाऊ बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदल कोणासाठी झाला हे बघायचं असेल तर दरवाजाची चावी कोणाच्या हाती आहे ते बघावं लागतं. मिशनऱ्यांच्या कामालाही मला हीच कसोटी लावायची आहे.

अमेरिकेहून आलेले लोक

अमेरिकन मिशनरी मुंबईत पोहोचले १८१३ साली. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला आपलं ठाणं मांडलं. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. मिस सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत आली होती. ती पुढे नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली इथेच वारली. त्या काळी मुलीच्या हातात पाटी देणं हाच अधर्म मानला जात होता.

जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली. त्या नगरच्या शाळेचा आपल्यावर प्रभाव पडला हे जोतीरावांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. सावित्रीबाईंनीही नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध याच ‘ज्ञानोदय’ने छापला. वेद जर ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या पोरीने जाहीरपणे विचारला. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना हा निबंध वगळता येत नाही.

आता नीट लक्ष द्या. मिशनने शाळा काढल्या त्या बायबल वाचता यावं म्हणून. छापखाना आणला तो ख्रिस्ताची वार्ता पसरावी म्हणून. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळेची कल्पना उचलली, समतेचा विचार उचलला, टॉमस पेन वाचला आणि १८७३ साली स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. मुक्ता साळवे ख्रिस्ती झाली म्हणून नव्हे, तर लिहायला शिकली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे मिशनच्या कामातला सगळ्यात टिकाऊ भाग तो, जो मिशनच्या हातातून निसटून इथल्या माणसांच्या हातात गेला. अक्षर एकदा आलं की ते कोणत्याही पाद्र्याला परत मागता येत नाही.

पोटासाठी बाटले?

१८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार आणि मांग कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यावरून ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आजतागायत मारला जातो.

मी या टोमण्याला दोन उत्तरं देतो. पहिलं, उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याला दोष देण्याआधी, ती भाकरी गावाने का दिली नाही ते विचारा. ज्या गावाने पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, मेलेली ढोरं ओढायला लावली, त्याच गावाने दुष्काळात ‘आपला धर्म सोडू नका’ म्हणायचं, हा निर्लज्जपणा आहे. दुसरं, माणूस धर्माच्या दारात कोणत्या कारणाने आला यापेक्षा आल्यावर त्याचं काय झालं हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकन मिशनरी वास्कम पिकेट यांनी भारतातल्या सामूहिक धर्मांतरांची पाहणी करून १९३३ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला निष्कर्ष साधारण असाच आहे. कोणत्या हेतूने आले यापेक्षा आल्यानंतर शिक्षण आणि साथ किती मिळाली, यावर बदल टिकणं अवलंबून होतं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवीन वाटणार नाही. श्रद्धेला संस्थेचा आधार नसेल तर ती एका पिढीत विरते.

मग नगरमध्ये आल्यानंतर काय झालं? शाळा मिळाल्या, दवाखाने मिळाले. मास्तर, नर्स, ड्रायव्हर, क्लार्क अशा पायऱ्या चढत पहिली सुशिक्षित पिढी तयार झाली. शहरातलं साल्वेशन आर्मीचं बूथ हॉस्पिटल आजही उभं आहे. २०२० च्या कोविड साथीत तिथे किती लोकांवर उपचार झाले हे नगरकरांना विचारा. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केलं. हार्वर्डला शिकून आलेला हा इथला मराठी ख्रिस्ती माणूस होता. त्या कॉलेजातून शिकून निघालेल्यांत सगळ्या जातीधर्मांची मुलं आहेत. हे नाकारणारा माणूस इतिहासाशी बेइमानी करतो.

जात मात्र चर्चच्या दारात थांबली नाही

पण दुसरी बाजू मांडली नाही तर ती आपल्या लोकांशी बेइमानी होईल. मिशनचा नियम जात न मानण्याचा होता. तरीही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती ही ओळख पुसली गेली नाही. सोयरीक जातीतच होत राहिली. ब्राह्मण ख्रिस्ती कवी आणि विद्वान म्हणून लगेच पुढे आले, महार-मांग ख्रिस्त्यांचा मोठा भाग गावकुसाबाहेरच्याच वस्तीत राहिला.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला आणखी पाच वर्षं गेली. या मधल्या काळात त्यांचं सोवळं-ओवळं चालू होतं. त्यांचा विटाळ सुटला तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने नव्हे. तो आधीच सुटला, स्वतःशी भांडून, विचार करून. माणसाच्या मनातली जात धर्माचं नाव बदलून जात नाही, तिच्याशी वेगळी लढाई द्यावी लागते, हे त्या बाईने स्वतःच्या उदाहरणाने दाखवलं आहे.

बाबासाहेबांनी नेमकं हेच हेरलं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले, त्यात मिशनरीही होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीचा अभ्यास करून लिहिलं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते लेखन आहे, प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. त्यात त्यांनी मिशनऱ्यांच्या सेवेची थोरवी मान्य केली आहे आणि तरीही तीन बोचरे मुद्दे मांडले आहेत. एक, धर्मांतरानंतरही जात शिल्लक राहिली. दोन, तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्या पापात आहे असं शिकवल्यामुळे, अन्याय समाजव्यवस्थेने केला आहे आणि तिच्याशी लढलं पाहिजे ही जाणीव मंद झाली. तीन, शाळा, दवाखाना, नोकरी सगळं मिशन पुरवतं म्हटल्यावर ख्रिस्ती समाजाला स्वतः संघटित होऊन सरकारकडे हक्क मागण्याची गरजच वाटली नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दान देणारा कितीही प्रामाणिक असो, तिजोरीची चावी त्याच्याकडे राहिली की घेणारा हात पसरायला शिकतो, मूठ वळायला शिकत नाही. खुद्द ना. वा. टिळकांना हे पटलं होतं. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्त हवा, पण परदेशी व्यवस्थेच्या ताब्यातला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांत ते वारले. मिशनची मंडळी पुढे भारतीय चर्चमध्ये विलीन झाली, १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, पण तोवर दीडशे वर्षं उलटली होती. चावी इतकी उशिरा हातात आली की अनेक ठिकाणी ती कोणी धरायची यावरूनच आपसात भांडणं लागली.

पाणलोटाचा धडा

याच जिल्ह्यात परदेशी मिशनऱ्याने वेगळी वाट चोखाळल्याचंही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडचे जेझुइट फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि आयुष्यातली कित्येक दशकं नगर जिल्ह्यात राहिले. त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. निधी जर्मनीचा, भागीदार नाबार्ड. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत ‘वॉटर’ ही संस्था काढली. अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांतही या संस्थेचं काम झालं. या कामात बाप्तिस्म्याची अट नव्हती, अट होती ती वेगळीच. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवायची, आपली पाणलोट समिती निवडायची, मग पैसा. म्हणजे चावी पहिल्या दिवसापासून गावाच्या हातात द्यायची. फादर बाखर २०२१ साली गेले, पण ज्या गावांत समिती जिवंत राहिली तिथले बांध-बंधारे गाव सांभाळतं.

इथेही आंबेडकरी माणसाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. गावाच्या हातात म्हणजे गावातल्या कोणाच्या हातात? पाणलोटाने विहिरीचं पाणी वाढतं, पण विहीर त्याची ज्याची जमीन. चराईबंदीने डोंगर हिरवा होतो, पण शेळ्या कोणाच्या बंद होतात? भूमिहीन बौद्धाच्या, मातंगाच्या, ठाकराच्या. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी पाणी आणि भूमिहीनालाही वाटा हे तत्त्व सत्तरच्या दशकातच मांडलं होतं. ते तत्त्व सरकारने राज्यभर नेलं असतं तर आज चित्र वेगळं दिसलं असतं.

याच अकोल्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. महादेव कोळी समाजातली, शाळेची पायरी न चढलेली ही बाई देशी बियाण्यांची बँक चालवते. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना साथ मिळाली ती बाएफ या बाहेरून आलेल्या संस्थेची, पण बियाणं राहीबाईंचं, ज्ञान त्यांचं, निर्णय त्यांचा. मदत बाहेरून यायला हरकत नाही. ती बंद झाली तरी काम चालू राहील की नाही, एवढंच बघायचं.

आपलं काय?

आता ही कसोटी आपल्यालाही लावू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कोणाला तांदूळ मिळाला नाही, कोणाला नोकरी मिळाली नाही. उलट सवलती गेल्या, गावाचा बहिष्कार वाट्याला आला. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख आणि ख्रिस्ती सुमारे ११ लाख आहेत, त्यातही वसई-मुंबईतली पोर्तुगीज काळापासूनची मंडळी धरून. देशातल्या बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर आहे, राष्ट्रीय सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास. मिशनचा पैसा नसलेल्या समाजाने हे केलं. कारण बाबासाहेबांनी दीक्षेच्या आधीच संस्था उभ्या केल्या होत्या. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चं सिद्धार्थ, १९५० चं मिलिंद. श्रद्धा, शिक्षण आणि संघर्ष या तिन्हींच्या चाव्या आपल्याच खिशात होत्या.

पण आकडा म्हणजे परिवर्तन नव्हे. आज आपल्या किती विहारांना आठवडाभर कुलूप असतं आणि ते १४ एप्रिललाच उघडतं? बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्या किती घरांत सोयरीक पोटजात बघून होते? मातंग वस्तीत आपण जयंतीच्या वर्गणीशिवाय कधी जातो? परदेशातल्या बौद्ध संस्थेने दिलेल्या मूर्तीसमोर फोटो काढणारे आपण, त्या विहारात अभ्यासिकेचे दिवे स्वतःच्या वर्गणीतून लावतो का? जात ख्रिस्ती चर्चमध्ये शिरली म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला या प्रश्नांची उत्तरं दिल्यावरच मिळेल.

कायद्याचा फास

शेवटी राजकारणाचं. ‘धर्म स्वातंत्र्य’ नावाचे कायदे ओडिशात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली आले, नंतर अनेक राज्यांत पसरले, आणि महाराष्ट्रातही ती मागणी जोरात झाली. आपल्या पोरांना वाटतं हा मिशनऱ्यांचा प्रश्न आहे. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या गृहखात्याने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायलाही जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. म्हणजे दीक्षा घ्यायची तर आधी अर्ज द्यायचा, चौकशीला उभं राहायचं. मिशनऱ्यासाठी विणलेल्या जाळ्यात पहिला आपण अडकणार.

दुसरा फास ‘डीलिस्टिंग’चा. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी जनजाती सुरक्षा मंच करतो. अनुसूचित जमातीसाठी संविधानात धर्माची अट नाही. अकोल्याच्या डोंगरातला महादेव कोळी कोणाला पुजतो यावर त्याचा जमिनीचा आणि शिक्षणाचा हक्क ठरवायचा, हे आपण मान्य केलं तर उद्या आपल्या हक्कांवरही तोच नियम येईल. तो आलेला होताच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शिखांना मिळाला, बौद्धांना तो मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं आपण केंद्राच्या दारात उभे होतो. दलित ख्रिस्ती बांधव आजही तिथेच उभे आहेत. त्यांच्या अंगावरची जात चर्चने पुसली नाही, आणि सरकार म्हणतं ती पुसली गेली. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली होती. आपला वाटा कमी होईल या भीतीने आपण गप्प बसत असू तर ती भीती बोलून दाखवूया आणि जागा वाढवून मागूया. पण त्यांच्या विरोधात उभं राहणं हे बाबासाहेबांच्या माणसाला शोभत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कोणी कोणता देव मानतो हे विचारत बसू नका. भंडारदऱ्याच्या पाड्यावर मिशनरी येवो, वनवासीवाले येवोत, एनजीओ येवो किंवा आपण जाऊ, सगळ्यांना तीन प्रश्न विचारा. जात मोडते का? निर्णय इथली माणसं घेतात का? बाहेरचा पैसा थांबला तर हे उभं राहील का? पुढच्या रविवारी आपल्या विहाराच्या बैठकीत हेच तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या, आणि बैठकीला मातंग वस्तीतल्या आणि ख्रिस्ती घरातल्या मित्रांनाही बोलवा.

जय भीम. नमो बुद्धाय.